अणू, रेणू आणि शाळेतले परमाणु: इंदूरच्या मराठी घरांसाठी रसायनशास्त्राच्या पहिल्या शब्दांची वाटचाल

हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला घरी आजोबांनी शिकवले, ‘मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू.’ मुलाने पेपरात ‘अणु’ लिहिले आणि उत्तरावर काट पडली. आजोबांचे मराठी बरोबर होते आणि बाईंचे हिंदीही बरोबर होते. मराठी शाळेत ज्याला अणू म्हणतात त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. शब्द तोच, पण एक पायरी सरकलेला. इंदूरच्या मराठी घरांत सहावी ते नववीच्या मुलांचा रसायनशास्त्रातला सगळ्यात मोठा घोटाळा इथे सुरू होतो. अशीच आणखी पाच-सहा शब्दांची जोडी आहे. वेळेवर नीट लावून दिली तर पुढचा विषय सोपा जातो, म्हणून हे टप्पे. मुलाने एकट्याने वाचले तरी चालेल, पण घरातले मोठे कोणी सोबत असेल तर जास्त उपयोग होईल.

लागणारे साहित्य

• शाळेत सुरू असलेले विज्ञानाचे पुस्तक. जुन्या आवृत्तीवर भागवू नका, कारण प्रकरणांची रचना बदललेली असते.
• शंभर पानी वही. प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखा.
• निळे, लाल आणि हिरवे पेन.
• न वाळणाऱ्या रंगीत क्लेचे एक पाकीट (पांढरा, लाल, काळा, निळा, हिरवा रंग हवेतच) आणि टूथपिकची डबी.
• आवर्तसारणीचा तक्ता.

हे सगळे खजुरी बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत मिळते. तक्ता घेताना मात्र शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. आज ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत, आणि ११३, ११५, ११७ व ११८ या क्रमांकांना कायमची नावे २०१६ मध्ये मिळाली: निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसिन, ओगानेसन. तुमच्या तक्त्यावर ११३ च्या घरात ‘यू’पासून सुरू होणारी तीन अक्षरी संज्ञा दिसली तर तो तक्ता जुना आहे. तीन अक्षरी संज्ञा तात्पुरत्या असतात, कायमच्या संज्ञेत एक किंवा दोनच अक्षरे असतात.

या लेखात संज्ञा आणि सूत्रे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत आणि पेपरात ती नेहमी रोमन अक्षरांतच लिहायची, माध्यम कोणतेही असो.

१. उत्तराची भाषा आधी ठरवा

वहीच्या पहिल्या रकान्यात शाळेचा शब्द निळ्या पेनने लिहा. दुसऱ्यात घरचा मराठी शब्द हिरव्याने. तिसऱ्यात अर्थ, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत. इंग्रजी माध्यम असेल तर पहिल्या रकान्यात ॲटम, मॉलिक्यूल, एलिमेंट, कंपाउंड येतील. हिंदी माध्यम असेल तर परमाणु, अणु, तत्व, यौगिक. पेपरात फक्त निळे शब्द जातात. हिरवे शब्द समजून घेण्यासाठी आणि घरी बोलण्यासाठी.

काही पालक हिरवा रकाना गाळतात, मुलाला दोन-दोन शब्दांचा त्रास नको म्हणून. माझ्या मते ही चूक आहे. आजी ‘पाण्यात क्षार फार आहेत’ असे म्हणणारच, आणि पुण्याहून मामेभाऊ बालभारतीच्या पुस्तकातला फोटो पाठवणारच. शब्द कानावर पडणार हे नक्की आहे, तर तो अर्थासकट वहीत असलेला बरा.

हिंदीत आणि मराठीत वर्तनीही वेगळी आहे. मराठीत एकटा शब्द असेल तर शेवट दीर्घ: अणू, रेणू, धातू. समासात ऱ्हस्व: अणुअंक, रेणुसूत्र, धातुसदृश. हिंदीत अणु, परमाणु आणि धातु तिन्ही ऱ्हस्वच. तसेच मराठीत हायड्रोजन, नायट्रोजन आणि हिंदी पुस्तकात हाइड्रोजन, नाइट्रोजन. शाळेच्या पुस्तकात जशी वर्तनी आहे तशीच उत्तरात ठेवा.

२. शब्दांच्या आधी कणांचे चित्र

व्याख्या पाठ करण्याआधी मुलाच्या डोळ्यांसमोर कण दिसायला हवेत. वहीत तीन चौकोन काढा. पहिल्यात सोळा सारखी वर्तुळे, एकमेकांना चिकटून, ओळीत. हा स्थायू. दुसऱ्यात चौदा-पंधरा वर्तुळे, तेवढीच मोठी, जवळपास चिकटलेली पण ओळ मोडलेली. हा द्रव. तिसऱ्यात फक्त एक-दोन वर्तुळे. हा वायू.

मुले इथे ठरलेल्या चुका करतात. द्रवाच्या चौकोनात अर्धी जागा मोकळी सोडतात, जणू द्रव म्हणजे स्थायू आणि वायूच्या अगदी मधोमध. प्रत्यक्षात द्रवातले कण एकमेकांना लागूनच असतात, म्हणून पाणी सिरिंजमध्ये भरून तोंड बोटाने बंद केले तर दट्ट्या आत जात नाही. हवा भरली तर सहज दबतो. हा प्रयोग बिनसुईच्या सिरिंजने घरी जरूर करा. शंभर अंशांना पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १७०० पट वाढते, म्हणजे प्रत्येक दिशेने कणांमधले अंतर सुमारे १२ पट होते. म्हणून वायूच्या चौकोनात एक-दोनच वर्तुळे.

दुसरी चूक: तापवल्यावर कण फुगवून दाखवणे. कण तेवढेच राहतात, त्यांची हालचाल वाढते आणि अंतर वाढते. तिसरी: दोन कणांच्या मध्ये ‘हवा’ लिहिणे. हवा स्वतःच कणांची बनलेली आहे, मग मध्ये काय? काहीच नाही, मोकळी जागा. चौथी चूक नववीपर्यंत टिकते. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते, असे विचारले की ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असे उत्तर येते. त्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. उकळताना रेणू एकमेकांपासून दूर जातात, रेणू तुटत नाहीत. हे एक वाक्य ज्याला कळले त्याला भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि हो, तांब्याचा एक अणू तांबूस नसतो, तो वितळतही नाही. रंग, चकाकी, वितळणे हे असंख्य अणूंच्या समूहाचे गुण आहेत.

३. पाच शब्द, एका बैठकीत

अणू (हिंदीत परमाणु): मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, ज्यात त्या मूलद्रव्याची ओळख टिकून असते आणि जो रासायनिक अभिक्रियेत भाग घेतो.

रेणू (हिंदीत अणु): दोन किंवा अधिक अणू बंधाने जोडून झालेला, स्वतंत्र राहू शकणारा कण. हेलिअम, निऑन, आरगॉन या वायूंचा एकटा अणूच स्वतंत्र राहतो, म्हणून त्यांना एकआण्विक म्हणतात.

मूलद्रव्य (हिंदीत तत्व): एकाच प्रकारचे अणू असलेला पदार्थ.

संयुग (हिंदीत यौगिक): दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात रासायनिक रीतीने जोडून बनलेला पदार्थ. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या वस्तुमानांचे प्रमाण १ : ८ असते. ९ ग्रॅम शुद्ध पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन, मग ते पाणी नर्मदेचे असो की पावसाचे.

मिश्रण (दोन्ही भाषांत तेच): पदार्थ एकत्र आहेत, पण जोडलेले नाहीत. प्रमाण हवे तसे बदलता येते.

मिश्रणाचे उदाहरण म्हणून पोह्यावरचे जिरावण घ्या. प्रत्येक दुकानाचे प्रमाण वेगळे, तरी सगळे जिरावणच. पाण्याचे तसे चालत नाही. हायड्रोजनचा आणखी एक अणू घालून ‘थोडे वेगळे पाणी’ करता येत नाही.

आता स्वयंपाकघरातल्या वस्तू टेबलावर मांडा आणि मुलाला तीन गट करायला सांगा. मूलद्रव्य: तांब्याचा गडू, ॲल्युमिनिअमची फॉइल, चांदीचे नाणे (तिन्ही जवळजवळ शुद्ध, म्हणून चालतील). संयुग: साखर, खायचा सोडा, कापूर, मीठ. मिश्रण: दूध, हवा, चहा, पितळी डबा, स्टीलचे ताट. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथिल, आणि रोजच्या ताटल्यांच्या स्टीलमध्ये लोह, क्रोमिअम आणि बहुतेक वेळा निकेल. एकसारखे दिसते म्हणून मुले पितळ आणि स्टील मूलद्रव्यांत टाकतात. पेन्सिलही तिथेच जाते. तिच्या कांडीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, शिसे मुळीच नसते, तेव्हा तीही मिश्रणच.

नळाचे पाणी मुद्दाम शेवटी ठेवा. इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी असो की बोअरचे, त्यात विरघळलेले पदार्थ असतात, म्हणून ते मिश्रण. पुराव्यासाठी स्टीलच्या दोन उथळ ताटल्या घ्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत १०० मिलिलिटर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून. दोन्ही उन्हात ठेवा, वर पातळ जाळी. पाणी उडाले की मिठाच्या ताटलीत चौकोनी स्फटिक आणि नळाच्या पाण्याच्या ताटलीत पांढरी पुसट कडा राहते. गॅसवर पूर्ण आटवू नका. शेवटी मीठ तडतडून उडते आणि डोळ्यांत जाऊ शकते.

इथेच एक प्रश्न विचारा: रेणू आणि संयुग एकच का? नाही. हवेतल्या ऑक्सिजनचा रेणू दोन ऑक्सिजन अणूंचा, ओझोनचा तीन अणूंचा, गंधकाचा आठ अणूंचा. तिन्ही रेणू आहेत, पण एकही संयुग नाही. उलट मीठ संयुग आहे, पण त्याचा रेणू नसतो. त्यात सोडिअम आणि क्लोरिनचे आयन (प्रभार असलेले अणू) आळीपाळीने सगळ्या दिशांना रचलेले असतात. ‘मिठाचा एक रेणू’ असे लिहिलेले उत्तर पाठांतराचे असते.

४. गोंधळ करणारे शब्द

वहीत यांना स्वतंत्र पान द्या आणि लाल पेनने चौकट करा. हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगवेगळे. यापेक्षा संयुग-यौगिक किंवा वस्तुमान-द्रव्यमान या जोड्या सोप्या आहेत, कारण तिथे शब्दच वेगळा आहे.

अणु. वर सांगितलेच. लक्षात ठेवायला मराठीतला अणुबॉम्ब आणि हिंदीतला परमाणु बम शेजारी लिहा. वस्तू एकच. इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ज्या खात्याखाली येते त्याला हिंदीत परमाणु ऊर्जा विभाग आणि मराठीत अणुऊर्जा विभाग म्हणतात. बडोद्याचे नातेवाईक विचारतील, म्हणून सांगतो: गुजराती पुस्तकांतही परमाणु आणि अणु हिंदीसारखेच लागतात.

क्षार. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ, हिंदीत त्याला लवण म्हणतात. हिंदीत क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक (आपला आम्लारी). बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा. मराठीत ‘क्षार साचले’ म्हणणे बरोबर. हेच हिंदी उत्तरात ‘क्षार’ लिहिले तर अर्थ बदलतो.

वायू. मराठीत वायू ही द्रव्याची अवस्था, आणि आपण श्वास घेतो ती हवा. हिंदी पुस्तकात अवस्थेला गैस म्हणतात आणि वायु म्हणजे हवा. ‘वायु एक मिश्रण है’ हे वाक्य हिंदीत बरोबर आहे. मराठी घरात ते ऐकून ‘सगळे वायू मिश्रण असतात’ असा अर्थ लावला की घोटाळा झालाच.

ऊर्ध्वपातन. मराठीत द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करणे. हिंदीत त्याला आसवन म्हणतात. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे कापरासारख्या स्थायूने द्रव न होता थेट वायू होणे, आणि त्याला मराठीत संप्लवन म्हणतात. मिश्रण वेगळे करण्याच्या पद्धतींच्या धड्यात दोन्ही क्रिया एकाच पानावर असतात, त्यामुळे इथे पूर्ण प्रश्न उलटा होतो.

केंद्रक. मराठीत अणूच्या मध्यभागालाही केंद्रक आणि पेशीतल्यालाही केंद्रक. हिंदीत अणूचा तो नाभिक, पेशीचा तो केंद्रक. हिंदी माध्यमाच्या मुलाने रसायनशास्त्राच्या उत्तरात नाभिकच लिहावे.

तत्त्व. मराठीत तत्त्व म्हणजे नियम किंवा सिद्धांत, जसे आर्किमिडीजचे तत्त्व. हिंदीत तत्व म्हणजे मूलद्रव्य.

बाकीच्या साध्या जोड्या भराभर उतरवून घ्या, मराठी आधी आणि हिंदी नंतर. स्थायू–ठोस, द्रावण–विलयन, द्रावक–विलायक, द्राव्य–विलेय, आकारमान–आयतन, घनता–घनत्व, उत्कलनांक–क्वथनांक, द्रवणांक–गलनांक, आम्ल–अम्ल, आम्लारी–क्षारक, दर्शक–सूचक, संज्ञा–प्रतीक, संयुजा–संयोजकता, प्रभार–आवेश, कवच–कोश, धातुसदृश–उपधातु.

५. संज्ञा पाठ करण्याची रीत

पहिली वीस मूलद्रव्ये क्रमाने पाठ हवीत, हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत. रोज पाच, चार दिवस. नवीन पाच म्हणण्याआधी जुनी सगळी एकदा म्हणायची.

संज्ञेचे पहिले अक्षर नेहमी मोठे आणि दुसरे असेल तर लहान. हा नियम दिसायला किरकोळ आहे, पण मोठा ‘सी’ आणि लहान ‘ओ’ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही अक्षरे मोठी काढली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. चार रेघांची इंग्रजी वही वापरली तर हाताला सवय लागते.

काही संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाहीत, कारण त्या जुन्या, बहुधा लॅटिन, नावांवरून आल्या आहेत. त्या वेगळ्या गटात पाठ करा:

सोडिअम, नेट्रिअमवरून: एन-ए
पोटॅशिअम, कॅलिअमवरून: के
लोह, फेरमवरून: एफ-ई
तांबे, क्युप्रमवरून: सी-यू
चांदी, अर्जेंटमवरून: ए-जी
सोने, ऑरमवरून: ए-यू
पारा, हायड्रार्जिरमवरून: एच-जी
शिसे, प्लंबमवरून: पी-बी
कथिल, स्टॅनमवरून: एस-एन
टंगस्टन, जर्मन वोल्फ्रामवरून: डब्ल्यू

सर्वांत जास्त होणाऱ्या चुका तीन. पोटॅशिअमला ‘पी’ लिहिणे (तो फॉस्फरस), सोडिअमला ‘एस’ लिहिणे (तो गंधक), आणि मॅग्नेशिअम व मँगनीज यांची अदलाबदल (पहिल्याचे दुसरे अक्षर जी, दुसऱ्याचे एन).

६. क्लेचे रेणू

हा टप्पा वगळू नका. सूत्र लिहिताना ‘खाली दोन का’ हा प्रश्न हातात रेणू धरल्याशिवाय सुटत नाही.

रंग ठरलेले आहेत आणि जगभर बहुतेक ठिकाणी तेच वापरतात: हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, कार्बन काळा, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. हायड्रोजनच्या गोळ्या १ सेंटिमीटरच्या, बाकीच्या २ सेंटिमीटरच्या. पुढचे आठ रेणू एकाच वेळी मांडायचे तर १२ पांढऱ्या, ५ लाल, २ काळ्या, ३ निळ्या आणि १ हिरवी गोळी लागेल, आणि २० टूथपिक. प्रत्येक टूथपिक म्हणजे एक बंध.

हायड्रोजन: दोन पांढऱ्या, एक काडी.
ऑक्सिजन: दोन लाल, दोन काड्या.
नायट्रोजन: दोन निळ्या, तीन काड्या.
हायड्रोजन क्लोराइड: एक पांढरी, एक हिरवी, एक काडी.
पाणी: एक लाल, दोन पांढऱ्या, दोन काड्या.
अमोनिआ: एक निळी, तीन पांढऱ्या, तीन काड्या.
मिथेन: एक काळी, चार पांढऱ्या, चार काड्या.
कार्बन डायऑक्साइड: मध्ये काळी, दोन बाजूंना लाल, प्रत्येक लालकडे दोन-दोन काड्या.

पाणी सरळ रेषेत करू नका. दोन पांढऱ्या गोळ्यांमधला कोन १०४.५ अंश असतो, काटकोनापेक्षा थोडा मोठा. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. कार्बन डायऑक्साइड मात्र अगदी सरळ, १८० अंश. मिथेनच्या चार काड्या टेबलावर सपाट अधिकच्या चिन्हासारख्या लावल्या तर चूक. त्या चारही दिशांना सारख्या पसरतात, कोन १०९.५ अंश, आणि रेणू तीन पांढऱ्या गोळ्यांवर टेकून उभा राहतो. उभा राहिला नाही तर काड्या पुन्हा लावा.

गोळी मऊ असेल तर काडी कलते. अशा वेळी गोळ्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग टोचा. लांब टूथपिक अर्धी तोडून वापरली तर रेणू कमी डुगडुगतो, तोडलेले टोक गोळीच्या आत जाऊ द्या.

मिठाचा रेणू या संचात मुद्दाम नाही, कारण तिसऱ्या टप्प्यात पाहिले तसा तो नसतोच. मुलाने एक हिरवी आणि एक दुसरी गोळी जोडून ‘मीठ’ केले तर तिथेच थांबवा.

७. सूत्र लिहिणे आणि वाचणे

सूत्रात दोन प्रकारचे आकडे येतात. खाली बारीक लिहिलेला आकडा एका रेणूत किती अणू ते सांगतो. पुढे मोठा लिहिलेला आकडा किती रेणू ते सांगतो. ‘टू एच टू ओ’ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. त्यात हायड्रोजनचे चार अणू आणि ऑक्सिजनचे दोन. याउलट ‘एच टू ओ टू’ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला पातळ करून वापरतात तो. क्लेच्या गोळ्यांनी दोन्ही करून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो.

संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडण्याची क्षमता) माहीत असेल तर साध्या संयुगांचे सूत्र चार पायऱ्यांत येते.

पहिली: संज्ञा शेजारी लिहा, धातू आधी. ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजन.
दुसरी: खाली संयुजा लिहा. ३ आणि २.
तिसरी: आकडे तिरके अदलाबदल करा. ॲल्युमिनिअमखाली २, ऑक्सिजनखाली ३. झाले: ए-एल टू ओ थ्री.
चौथी: दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर भागा. मॅग्नेशिअम २, ऑक्सिजन २, म्हणून प्रमाण १ : १, नुसते एम-जी ओ. १ लिहीत नाहीत.

चौथी पायरी धातू आणि अधातूंच्या अशा संयुगांसाठीच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सूत्राला २ ने भागून ‘एच ओ’ करू नका. त्या रेणूत खरोखरच चार अणू आहेत.

मूलक (एकत्र राहणारा, प्रभार असलेला अणूंचा गट) एकापेक्षा जास्त असतील तर कंस लागतो. चुन्याच्या निवळीत विरघळलेला पदार्थ कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअमची संयुजा २, हायड्रॉक्साइडची १. म्हणून सी-ए, मग कंसात ओ-एच, आणि कंसाबाहेर खाली २. कंस विसरला तर तो २ फक्त हायड्रोजनचा होतो आणि ऑक्सिजनचा एक अणू नाहीसा होतो. या एका कंसासाठी गुण जाताना फार वाईट वाटते.

मुलांना पडणारा रास्त प्रश्न: लोहाची संयुजा कुठे २ तर कुठे ३ का दिली आहे? दोन्ही खऱ्या आहेत. नावात फेरस असेल तर २, फेरिक असेल तर ३.

८. अणूच्या आत

इथे आकारांपासून सुरुवात करा. एक मिलिमीटर लांबीत साधारण १ कोटी अणू ओळीने बसतात. अणूचे केंद्रक त्याहून दहा हजार ते एक लाख पट लहान. केंद्रक राईच्या एक मिलिमीटरच्या दाण्याएवढे धरले तर अणू दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंत पसरेल, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी. पुस्तकातले चित्र कधीच प्रमाणात नसते, हे मुलाला स्पष्ट सांगा.

केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन. बाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. डाल्टनने १८०८ मध्ये अणू अविभाज्य मानला होता. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली, चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला. साले क्रमाने लक्षात ठेवली की कोणाच्या मॉडेलमध्ये काय नव्हते ते आपोआप कळते. थॉमसनच्या मॉडेलमध्ये न्यूट्रॉन काढणाऱ्या मुलाला ही चार साले विचारा.

दोनच आकडे नीट पकडा. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून. सोडिअम: अणुअंक ११, अणुवस्तुमानांक २३, म्हणून न्यूट्रॉन १२. इलेक्ट्रॉनांची कवचांतली (केंद्रकाभोवतीच्या थरांतली) मांडणी २, ८, १. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन तो देऊन टाकतो, म्हणून संयुजा १. क्लोरिन: अणुअंक १७, मांडणी २, ८, ७. आठ पूर्ण व्हायला एक कमी, म्हणून संयुजा १. मुले ७ लिहितात. बाहेरच्या कवचात चारपर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर बहुधा तीच संख्या, चारपेक्षा जास्त असतील तर आठातून वजा.

तक्त्यावर क्लोरिनखाली ३५.५ दिसतो. हा अणुवस्तुमानांक नाही, कारण अर्धा न्यूट्रॉन नसतो. निसर्गात ३५ आणि ३७ अणुवस्तुमानांकाचे क्लोरिन साधारण ३ : १ प्रमाणात मिसळलेले असतात, त्यांची ती सरासरी.

सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला की तो धन आयन होतो. मुले ‘दिला म्हणजे उणे’ असे समजतात. ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन अशी वजाबाकी कागदावर करून घ्या, अधिक एकच येतो.

९. घरी करू नयेत असे प्रयोग

लोहकीस आणि गंधक तापवण्याचा प्रयोग पुस्तकात आहे, पण तो शाळेच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर. जळणाऱ्या गंधकातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो श्वासनलिकेला झोंबतो. मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या तारा बुडवायला सांगणारे व्हिडिओ पाहून मुले तसे करू पाहतात. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद खोलीत तर मुळीच नको. बाथरूम साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र केल्यावरही क्लोरिनच.

घरी चालणारे पुरेसे आहे: खायचा सोडा आणि लिंबाचा रस, हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी, चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर. निवळी पांढुरकी झाली तर तो कॅल्शिअम कार्बोनेट. नळी तोंडात धरून फक्त फुंकायचे, ओढायचे नाही.

१०. उजळणी

आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे. हिरवा आणि अर्थाचा रकाना झाकून निळ्यावरून अर्थ विचारा, मग निळा झाकून हिरव्यावरून शाळेचा शब्द. लाल चौकटीचे पान प्रत्येक वेळी आधी. मुलाने शब्द बरोबर सांगितला पण उदाहरण देता आले नाही, तर त्या शब्दापुढे टिंब करा आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करा. महाराष्ट्रात बदली होऊन मूल मराठी माध्यमात जाणार असेल, तर वही तीच ठेवा. निळ्या आणि हिरव्या पेनांची फक्त अदलाबदल करा, आणि पहिला महिना लाल पान रोज वाचून घ्या.